वाघ बाहेरगावी गेले आहेत

खान्देशात सहल ठिकाणावरून ठरत नाही, वांग्यावरून ठरते. थंडी पडली, बामणोदकडची हिरवीगार, पांढरट रेघांची, हातात मावणार नाहीत अशी वांगी बाजारात आली, की घरोघरी एकच विचार सुरू होतो : हे कुठे नेऊन खायचं? २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधीही आम्ही ते खातच होतो, आता जरा छाती काढून खातो, एवढाच फरक. वांगं घरी खाल्लं तर ते जेवण, शेतात खाल्लं तर पार्टी, आणि गाडीत घालून साठ-सत्तर किलोमीटर लांब नेऊन खाल्लं तर सहल. तिथे धबधबा आहे, लेणी आहेत की धरण, हा तपशील. पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे उघडले म्हणजे पाण्यापेक्षा जास्त माणसं तिकडे लोटतात, पण त्यांच्याही हातातल्या पिशव्यांचा वास घेऊन पाहा.

यंदा मात्र पंचाईत झाली. धुळ्याच्या ताईच्या मुलाला शाळेतून प्रकल्प मिळाला : ‘मी पाहिलेले वन्यप्राणी व गोड्या पाण्यातील मासे’. प्रत्येकी किमान पाच, चित्रांसह. हल्ली प्रकल्प देतात एका मुलाला आणि तो करायचा असतो खानदानाने. ताईचा फोन आला, आणि आमच्याकडे बैठक बसली.

पिंजऱ्यातला वाघ हमखास पाहायचा तर अजिंठ्याचा घाट चढून छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात जावं लागतं. वाघ आणि मासे दोन्ही एकाच गावात हवेत तर सुरत. तिथे सारठाण्याला तापीच्या काठी प्राणिसंग्रहालय आहे आणि २०१४ पासून पालिकेचं मोठं मत्स्यालयही आहे. पण खान्देशातल्या माणसाला सुरतेला नुसतं फिरायला जाता येत नाही. उधना-लिंबायतकडे प्रत्येकाचं निम्मं गोत राहतं. एकाकडे चहा घेतला की बाकीच्या सगळ्यांकडे घ्यावा लागतो, नाहीतर पुढच्या लग्नात तोंड दाखवायची सोय नाही. चौथ्या दिवशी ॲसिडिटी घेऊन माणूस परत येतो, आणि मासे सुरतेतच राहतात.

शेवटी नानांनी निकाल दिला. नाना म्हणजे माझे मोठे काका, भुसावळहून रेल्वेचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त ते झाले, शिटी झाली नाही. सकाळी पालचं जंगल, म्हणजे प्राणी झाले. संध्याकाळी जळगावच्या मैदानावर आनंदमेळ्यात ‘मत्स्यबोगदा’ लागलाय, म्हणजे मासे झाले. मध्ये भरीत. वहीत वेळापत्रकच आखलं त्यांनी : सुटणे ६.०५, फैजपूर ७.२०, थांबा दोन मिनिटं, फक्त चहा.

क्रूझर ठरवली. क्रूझरमध्ये किती माणसं बसतात हे ती बनवणाऱ्यांनाही नक्की सांगता येणार नाही. ते आत्याला माहीत असतं. “सरक रे बाबू जराशी” एवढ्या एका वाक्यावर तिने आजवर पाच लग्नांची वऱ्हाडं पोहोचवलीत. आत्या मुक्ताईनगर तालुक्यातली, म्हणजे तिथे दिलेली. तिच्या मांडीवर भरिताचा डबा होता आणि डब्यावर आमची धाकटी. शेजारी धुळ्याचे जिजाजी.

जिजाजींबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. १९०६ साली इंग्रजांनी खान्देश जिल्ह्याचे दोन तुकडे केले, पूर्व खान्देश जळगावला आणि पश्चिम खान्देश धुळ्याला. त्याआधी अख्ख्या खान्देशाचं मुख्यालय धुळं होतं. ही वाटणी जिजाजींना अजून मान्य नाही. जळगावात काहीही दाखवा, ते मान तिरकी करून पाहतात आणि म्हणतात, “आमना धुयामा याहून भारी शे.” जळगावचं सोनं दाखवलं तरी हेच, खड्डा दाखवला तरी हेच. खड्ड्याच्या बाबतीत आम्ही वाद घालत नाही.

गाडी ६.०५ ला सुटली नाही. ६.५० ला सुटली, आणि नानांनी वहीत ‘४५ मिनिटे विलंब, कारण : वहिनींची वेणी’ अशी नोंद केली. भुसावळ मागे टाकून तापी ओलांडली आणि दोन्ही बाजूंना केळी सुरू झाल्या. फैजपूरला चहा. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलंच, पंडित नेहरू अध्यक्ष. नानांनी हे भाच्याला सांगितलं, भाच्याने “ते कोणत्या प्राण्यात येतं?” असं विचारलं, आणि थांबा दोन मिनिटांतच संपला. पुढे खिरोदा, मग सातपुड्याचा घाट.

यावल अभयारण्य १९६९ सालचं, पावणेदोनशे चौरस किलोमीटरचं, थेट मध्य प्रदेशच्या हद्दीला टेकलेलं. पाल त्यातलं थंड हवेचं ठिकाण. जळगावच्या माणसाला ‘थंड’ म्हणजे काय, हे बाहेरच्यांना समजावणं अवघड. मे महिन्यात जिथे पारा पंचेचाळिशी ओलांडतो तिथला माणूस अडतीसला शाल शोधतो.

प्रवेशाजवळ मोठा फलक होता. त्यावर वाघ, बिबट्या, अस्वल, सांबर, भेकर, तरस आणि नीलगाय असे सगळे एकाच झाडाखाली, एकमेकांना न खाता, आपल्याकडे बघत उभे होते. भाच्याने तिथेच सात प्राणी वहीत उतरवून घेतले आणि “झालं, आता मासे” असं जाहीर केलं. फलकावरच्या वाघासोबत सगळ्यांनी फोटो काढले. तो निर्णय फार शहाणपणाचा ठरला.

कारण आत कोणी नव्हतं. म्हणजे झाडं होती, साग होते, पिवळं पडलेलं गवत होतं, एक मोर दुरून ओरडला. पण फलकावरची मंडळी एकजात गायब. वाटाड्या पोरगा चटपटीत होता. त्याने वाघ सोडून वाघाचं सगळं दाखवलं. इथे नखं घासतो, इथून पाणी प्यायला उतरतो, इथे गेल्या महिन्यात विष्ठा पडली होती. आम्ही त्या जागेकडे बराच वेळ आदराने पाहत उभे राहिलो.

“पन तो शे कोठे?” जिजाजींनी विचारलं.

“साहेब, आता नसतो तो. उन्हं चढली ना.”

खान्देशातल्या माणसाला हे अपमानास्पद वाटतं. आपल्याकडे पाहुणा आला तर त्याला न जेवता जाऊ देत नाहीत. पोट फुटायला आलं तरी पोळीवर तूप पडतंच. आणि इथे आपण पाहुणे म्हणून घाट चढून, तिकीट काढून, नवी साडी नेसून दारात उभे, तर यजमान घराला कुलूप लावून बाहेरगावी! शेजाऱ्यालासुद्धा निरोप ठेवलेला नाही. आत्या सगळ्यांत जास्त दुखावली. तिच्या सासरी असं कुणी वागलं असतं तर पाच वर्षं बोलणं बंद झालं असतं.

मग भरीत. अभयारण्यात विस्तव करू देत नाहीत, ते बरोबरच आहे. म्हणून वांगी पहाटे घरीच तुराट्यांवर भाजून, लाकडी भांड्यात ठेचून, कांद्याची पात, शेंगदाणे आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घालून आणली होती. सोबत कळण्याच्या पुऱ्या. डबा उघडला आणि सातपुड्यात पहिल्यांदाच आमच्या येण्याची दखल घेतली गेली. समोरच्या अंजनाच्या झाडावरून एक वानर उतरला. काळं तोंड, चंदेरी अंग, शेपटी वर बाकदार. आरडाओरडा नाही, दात विचकणं नाही. सरळ चालत आला, सतरंजीच्या कडेला बसला आणि वाट पाहू लागला. “वन्यप्राण्यांना खाऊ घालू नये” असा फलक होता. आम्ही घातलाही नाही. त्याने आपल्या हाताने घेतलं.

ती पुरी त्याने दोन्ही हातांत धरली, उलटसुलट केली, नाकाशी नेली. कळण्याची पुरी ज्वारी-उडदाची, जरा करडी, ओबडधोबड. कडेचा एक तुकडा मोडून त्याने तोंडात टाकला, चावला, थांबला. मग उरलेली पुरी पालथी करून तिच्यावर लागलेलं भरीत बोटाने पुसून काढलं, शेजारच्या दगडाला फासलं आणि कोरडी पुरी घेऊन झाडावर गेला. ठेचा त्याला झेपणारा नव्हता.

“पुन्याकडचा दिसतो,” आत्या म्हणाली.

जेवणानंतर जिजाजींना बोलायला जोर आला. वाघ दिसला नाही, याला त्यांच्या मते जळगाव जबाबदार होतं. धुळे जिल्ह्यात जे हरवलेलं असतं तेसुद्धा सापडतं, हा त्यांचा मुद्दा. आणि गंमत म्हणजे हा मुद्दा खरा आहे. रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड. १८७३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना मिळाला नाही. जगाने धरून चाललं की संपलं. मोठमोठे पक्षितज्ज्ञ शोधून थकले. आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळच्या रानात दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला, म्हणजे घुबड सापडेपर्यंत वाट पाहून मगच, असं जिजाजी म्हणतात.

यातली खरी मौज पुढेच आहे. मधल्या काळात एका इंग्रज कर्नलने, रिचर्ड मायनर्ट्झहॅगन त्याचं नाव, आपण हा पक्षी १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मारल्याची नोंद संग्रहालयात करून ठेवली होती. नंतर उघडकीस आलं की तो नमुना चोरलेला होता. जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात खान्देशातच गोळा केलेला. कर्नलसाहेबांनी जुनी चिठ्ठी काढून नवी लावली. बाजारात असले उद्योग आपण पाहतो, पण घुबडाच्या बाबतीत कुणी केलेला ऐकिवात नव्हता. बरं, हा रानपिंगळा काही रात्रीचा लपूनछपून हिंडणारा नाही. दिवसाढवळ्या निष्पर्ण फांदीवर, चारचौघांसमोर बसतो. एकशे तेरा वर्षं तो शहाद्याकडे बसलेला होता. तिथल्या गुराख्याला विचारायला कुणी आलं नाही, इतकंच.

“तो आता यावलच्या जंगलातबी आहे म्हणतात,” वाटाड्या म्हणाला.

“आमनाकडथून उनात ना,” जिजाजींनी तिथल्या तिथे निकाल लावला.

परतीची आवराआवर चालू असताना भाचा रडवेला झाला. पाच प्राणी व्हायचे होते आणि खात्रीने पाहिलेला एकच, तोही आमच्या ठेच्याला नाव ठेवून गेलेला. तेव्हा आत्याने डब्याचं झाकण लावता लावता विचारलं, “अरे बाबू, वाघ पाहाचा होता तं इतक्या लांब कायले आनलं रे? तो तं आमच्या केयीत असतो.”

सगळे थांबले. नानांनी वही बंद केली.

आत्याला विशेष काही सांगितल्यासारखं वाटत नव्हतं. मुक्ताईनगर तालुक्यात वढोदा, डोलारखेडा हा भाग पूर्णेच्या काठचा. तिथल्या जंगलात वाघ आहेत, त्यासाठी मुक्ताई-भवानी नावाचं संवर्धन राखीव क्षेत्रही शासनाने केलं आहे. पण वाघांना जंगलापेक्षा केळीच्या बागा जास्त मानवतात. का मानवू नयेत? ठिबकचं पाणी बारा महिने, मे महिन्यातही गारवा, दिवसभर दाट सावली, आणि रानडुकरं आयती चालून येतात. एवढ्या सोयी पालच्या विश्रामगृहातही नाहीत. आत्याच्या दिरांच्या बागेत त्याचे ठसे कायम उमटलेले असतात. केळीचे घड तयार असले आणि हा आत असला की कापायला मजूर येत नाहीत. वीज येते रात्रीची, त्यामुळे दीर रात्री मोटार चालू करायला जातात ते बॅटरी मारत आणि मोठ्याने हनुमानाचं नाव घेत.

“आत्या, तुला भीती नाही वाटत?”

“वाटते तं. पन कोनाले सांगतो? पाहुन्याले घरातून काढता येते का?”

म्हणजे यजमान बाहेरगावी गेले होते ते आत्याच्याच घरी. आम्ही त्यांच्याकडे, ते आमच्याकडे. वाटेत कुठेतरी, बहुधा फैजपूरच्या आसपास, चुकामूक झाली असावी.

जळगावला पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. मैदानावर आकाशपाळण्याच्या शेजारी निळा मांडव, वर ‘भारतात प्रथमच’. हा मांडव ज्या गावात जातो तिथे भारतात प्रथमच असतो. आत काचेचा बोगदा, डोक्यावरून आणि दोन्ही बाजूंनी मासे, निळा उजेड, स्पीकरवर हिंदी गाणी. ऑस्कर, कोई, सोनेरी ॲरोवाना, काचेला तोंड चिकटवून बसलेला सकर मासा. हाच सकर कुणीतरी घरच्या टाकीतून कंटाळून नदीत सोडला आणि आज उजनीच्या मच्छिमारांची जाळी फाडतो आहे. नानांनी एकाही माशाला दाद दिली नाही. त्यांनी रेल्वेच्या पासावर मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलेलं आहे. ते १९५१ सालचं, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी उद्घाटन केलेलं. त्यानंतर पाहिलेला प्रत्येक मासा नानांना दुय्यम श्रेणीचा वाटतो.

एका टाकीपाशी गर्दी होती. लाल अक्षरांत पाटी : ‘सावधान! नरभक्षक पिरान्हा!’ आत चपटे, रुपेरी, पोटाशी तांबूस मासे संथ फिरत होते. बायका मुलांचे हात मागे ओढत होत्या. जिजाजी पुढे झाले, काचेला नाक लावलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, “हाऊ कसाना पिरान्हा? हाऊ ते रूपचंद शे!”

धुळ्याच्या मासळी बाजारात आठवड्यातून दोनदा जाणाऱ्या माणसाला पाटी लावून फसवता येत नाही. रूपचंद हा पिरान्हाचा दक्षिण अमेरिकेतलाच भाऊबंद खरा, पण घराण्यातला गरीब. पिरान्हाचे दात करवतीसारखे त्रिकोणी, याचे चपटे, दाढांसारखे, कारण हा झाडावरून पाण्यात पडलेली फळं आणि कठीण बिया फोडून खाणारा. आपल्याकडे शेततळ्यात वाढवतात आणि बाजारात विकतात. तेवढ्यात त्यातला एक काचेपाशी आला आणि त्याने तोंड उघडलं. आत माणसाच्यासारखी दातांची सरळ रांग. नाना त्याच्याकडे आणि तो नानांकडे काही क्षण पाहत राहिले. मग नानांनी हळूच आपली कवळी नीट बसवली. जिजाजींनी दोन मिनिटांत जमलेल्या गर्दीला रूपचंद तळायचा कसा, हे सांगायला घेतलं. ‘नरभक्षक’ची पाटी तिथल्या पोराने उलटी करून ठेवली.

बोगद्याच्या टोकाला जलपरी होती. हिरवी खवल्यांची शेपटी घातलेली एक मुलगी काचेपलीकडे पाण्यात खाली-वर होत होती, पोरांना हात करत होती, मध्येच वर जाऊन श्वास घेत होती. सगळे फोटो काढत होते. आत्या एकटी कमरेवर हात ठेवून उभी.

“अव माय! हिवायाच्या दिवसात इतक्या गार पान्यात? पोरीले सर्दी होईन ना.”

आम्ही सांगितलं, तिचं कामच आहे ते. आत्याने काचेवर टकटक केलं. हाताचा घास करून तोंडाकडे नेला आणि मान वर करून विचारलं, जेवलीस का? जलपरीला वाटलं, आजीला मजा वाटतेय. तिने दोन्ही हातांचा बदाम करून दाखवला. आत्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्या वेळी त्या पोरीच्या लक्षात आलं. तिने पाण्यातच डावीकडून उजवीकडे मान हलवली, आणि तोंडातून बुडबुडे सुटले. मग मेळ्याच्या माणसाला हाका मारणं आलं, क्रूझरमधून डबा आणवणं आलं, आणि “दहा मिनिटात शो संपतो मावशी” या त्याच्या म्हणण्यावर आत्याचं तिथेच खुर्ची टाकून बसणं आलं. शेपटी काढून टॉवेल गुंडाळून आलेली ती मुलगी मांडवामागे दोन पुऱ्या आणि भरीत खाऊन गेली. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं, पण तिने दगडाला काही फासलं नाही. आत्या म्हणाली, दिवसभरात मानसाची जात एवढी एकच भेटली.

बाहेर पडताना भाच्याने पिशवीतला गोल्डफिश मागितला. जिजाजी म्हणाले, पैसे कशाला घालवतो, आमना टाकीमा याहून जास्ती मासा शेतस. तेही खरंच. नळाचं पाणी कधी येईल सांगता येत नाही म्हणून त्यांच्या अंगणात सिमेंटची मोठी टाकी आहे, आणि डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून हिवतापवाले येऊन तिच्यात गप्पी मासे सोडून गेलेले आहेत. दक्षिण अमेरिकेतून निघालेला हा बोटाच्या पेराएवढा मासा अळ्या खातो, अंडी न घालता थेट पिल्लं देतो, आणि तीही इतकी, की धुळ्यात ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांच्या घरी गोड्या पाण्याचं मत्स्यालय आहेच. तिकीट नाही, गाणी नाहीत. पण भाचा हटून बसला आणि गोल्डफिश क्रूझरमधून धुळ्याला गेला.

प्रकल्पाला गुण बरे मिळाले. ‘मुक्ताईनगरचा वाघ (आत्याआजीने पाहिलेला)’ याच्यापुढे बाईंनी प्रश्नचिन्ह काढलं, बाकी ठीक. गोल्डफिश टाकीत सोडला होता. पंधरवड्याने हिवतापवाला कर्मचारी टाकी तपासायला आला, झाकण उचलून बराच वेळ आत पाहत राहिला, आणि त्याने ताईला विचारलं, गप्पी कुठे गेले? टाकीत एकच मासा होता, चांगला गुटगुटीत. अळ्या पाहिल्या तर एकही नाही. त्याने भिंतीवर तारीख टाकली, सही केली आणि वहीत लिहिलं : मासा १, प्रकृती उत्तम.